शंभर अधिक वय

मंडळी, आपल्या आखाडा बाळापूरच्या पारावर आजही ऐकू येतं, "वय झालं की बीपी वाढायचंच." हे काही खेड्यातलं अडाणीपण नव्हे. एकेकाळी डॉक्टरांचाही हिशेब तोच होता: शंभर अधिक वय. म्हणजे सत्तरीला वरचा आकडा १७० असला तरी चालेल! अमेरिकेत फ्रॅमिंगहॅमला १९४८ पासून गावकऱ्यांची पाहणी सुरू झाली, आणि वाढता रक्तदाब हृदयाला बाधतो हे दिसलं. तरी म्हाताऱ्यांना गोळी द्यावी का, ही शंका उरलीच. १९९१ च्या चाचणीत साठीपुढच्यांचे पक्षाघात गोळ्यांनी ३६ टक्क्यांनी घटले. २००८ मध्ये ऐंशीपुढच्यांतही मृत्यू कमी झाले. म्हणून "बरं वाटतंय, गोळी बंद" असं आजोबा म्हणाले, तर आपण गप्प बसायचं नाही. जुना हिशेब डॉक्टरांनी सोडला. आता आपण सोडायचा.