अप्सरा, जून १९६४

लॅमिंग्टन रोडवर पाऊस कोसळतोय. हाउसफुल्लचा बोर्ड ओलांडून, छत्री झटकत तुम्ही अप्सरात शिरता. थिएटर नवंकोरं, 'संगम'नेच सुरू झालेलं. नेहरूंना जाऊन जेमतेम महिना होतोय, चीनची लढाई अजून कुणी विसरलेलं नाही. त्यामुळे राज कपूर हवाई दलाच्या गणवेशात दिसला की खालून शिट्ट्या पडतात.

राधाने झिडकारलेला सुंदर, म्हणजे राज कपूर, तिच्या नजरेत भरावं म्हणून पायलट झालाय. काश्मीरमध्ये अडकलेल्या जवानांना रसद टाकायला निघतो आणि जाताना जिवलग दोस्त गोपालकडून वचन घेतो: माझ्या आणि राधाच्या मध्ये कुणाला येऊ देऊ नकोस. राधाचं मन गोपालवरच आहे, हे साऱ्या थिएटरला ठाऊक. शेजारच्या बाई कुजबुजतात, "अहो, तिला विचारलं का कुणी?"

"बघ की गप."

विमान पडतं, सुंदर मेला म्हणतात, तो परत येतो, राधाशी लग्न होतं. पहिल्या इंटर्व्हलला वडा, दुसऱ्याला चहा. सिनेमा जवळजवळ चार तासांचा आणि राज कपूरचा पहिलाच रंगीत. व्हेनिस, पॅरिस, आल्प्स! परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेकडे हात पसरायचे दिवस, त्यामुळे लोक डोळे फाडून बघतात. मला विचाराल तर हा मधुचंद्र फार लांबलाय.

पण मग ती चिठ्ठी सापडते. जुनं प्रेमपत्र, खाली नाव नाही. कुणाचं, कुणाचं, कुणाचं? सुंदर विचारत राहतो, पिस्तुलाची भाषा करतो. राधा झालेली वैजयंतीमाला नाव सांगत नाही. शेजारच्या गृहस्थांचा शेंगा सोलणारा हात थांबलाय. शत्रूच्या गोळ्यांतून सुटलेला हा माणूस एका कागदापुढे किती हलका ठरतो! आणि मन मोकळं करायला जातो कुणाकडे, तर गोपालकडे.

शेवटी राधा दोघांनाही सुनावते. तुमच्या दोस्तीत माझी देवघेव झाली, असा तिचा रोख. सिनेमाने इथेच थांबायला हवं होतं. पण गोपाल सुंदरच्याच पिस्तुलाने स्वतःला संपवतो, दोस्ती अमर होते आणि संसार म्हणे वाचतो.

ग्रँट रोड स्टेशनकडे जाताना ते शेजारचं जोडपं तुमच्या पुढेच चालतंय.

"त्या राधाचं आता कसं व्हायचं हो?"

"कसं म्हणजे? नवरा आहे की तिला."

"म्हणूनच विचारतेय."