झापोरोझेत्समधली ऊब
पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातले गरम पाणी मोटारीच्या आतील भागाला सहज ऊब देते. परंतु युक्रेनमधील झापोरिझ्झिया येथे १९६० पासून तयार होऊ लागलेल्या ‘झापोरोझेत्स’ या लहान मोटारीचे इंजिन मागे बसवलेले व हवेने थंड होणारे असल्याने, तिच्यात पेट्रोलवर चालणारा स्वतंत्र हीटर द्यावा लागला. ज्वलनकक्षात, म्हणजे इंधन जळण्याच्या बंद पोकळीत, विजेने लालबुंद झालेली तारेची वेटोळी पेट्रोल पेटवी. धूर वेगळ्या नळीने बाहेर जाई आणि तापलेल्या धातूवरून फिरलेली स्वच्छ हवा प्रवाशांपर्यंत येई. इंजिन बंद असतानाही ऊब देणारी ही रचना खरोखरच कल्पक होती, मात्र ती निगा मागे: वेटोळीवर काजळी साचली की हीटर पेटेनासा होई, आणि तो बंद केल्यावरही आतली धग निवेपर्यंत पंखा चालू राहणे आवश्यक असे.