धोतरा, मोडशी आणि अँतोनिया

मे महिन्याच्या सुट्टीत नात मुलुंडला आमच्याकडे होती. तिच्या आग्रहाखातर मी ‘द अपोथेकरी डायरीज’ ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका पाहायला बसले. मूळ कादंबऱ्या नात्सु ह्यूगा यांच्या. मालिका २०२३ मध्ये सुरू झाली. जुन्या चीनच्या धर्तीवर बेतलेलं एक काल्पनिक साम्राज्य, आणि त्याच्या जनानखान्यात पळवून आणून विकलेली माओमाओ. वैदूच्या घरात वाढल्यामुळे तिला औषधं कळतात आणि विषं त्याहून जास्त कळतात. राजाची तान्ही मुलं का दगावतात, हे राजवैद्याला उमगत नाही. आयांच्या तोंडाला लावायच्या पांढऱ्या पावडरीत विष आहे हे या मोलकरणीच्या ध्यानात येतं. ती सावधगिरीची चिठ्ठी ठेवते, मात्र खाली नाव घालत नाही. पुढे एका भागात माणसाला मेल्यासारखं निपचित पाडणारं औषध येतं. त्यात काय असतं? धोतरा.

“आज्जी, हे खरंच असतं का गं?” नातीने विचारलं. महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतात तेच काटेरी फळ, असं मी सांगितलं, आणि कपाटातून गार्सिया द ओर्ताचं पुस्तक काढलं. माझ्याकडे क्लेमेंट्स मार्कम यांनी केलेला १९१३ चा इंग्रजी अनुवाद आहे.

ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि तिच्याबरोबर साष्टीही. म्हणजे आजचे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड सारे त्यात आले. पुढे खुद्द मुंबई बेट ओर्ताकडे खंडाने होतं. तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा, नाताळात आणि मेअखेरीस, फळ येतं हे तो मोठ्या कौतुकाने सांगतो. साष्टीतल्या डोंगरात कोरलेल्या शेकडो खोल्या आणि पाण्याची टाकी यांचंही वर्णन त्याने केलं आहे. ती कान्हेरीच. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर तो उपचार करत असे. तिथल्या हकिमांशी आणि वैद्यांशी त्याचे वाद चालत. एवढ्या भटकंतीतून १५६३ मध्ये गोव्यात छापलेलं त्याचं औषधी द्रव्यांवरचं पुस्तक निर्माण झालं. ते संवादांच्या रूपात आहे. रुआनो नावाचा एक कल्पित पाहुणा प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरं देतो.

धोतऱ्याचं प्रकरण नाटकासारखंच आहे. घरातल्या एका दासीने मालकिणीला धोतरा चारला आणि दागिने लांबवले. तिला काहीही विचारा, ती फक्त हसते. धोतरा पोटात गेलेला माणूस दिवसभर भानावर नसतो आणि समोरच्याला हवं ते घेऊ देतो, असं ओर्ता सांगतो, आणि उलटी व बस्ती देऊन तिला बरी करतो. नातीला हे मालिकेपेक्षा आवडलं.

मला मात्र त्यातला एक शब्द फार जवळचा आहे. पटकीचं वर्णन करताना ओर्ता म्हणतो की, इथले लोक या रोगाला ‘मोर्शी’ म्हणतात, आणि आम्ही तो शब्द बिघडवून ‘मोर्देशी’ केला. हीच आपली मोडशी! पुढे फ्रेंचांनी तिचं ‘मोर द शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचं मरण’, करून टाकलं. माझी आजी मात्र साध्या अपचनालाही मोडशीच म्हणायची आणि आल्याचा रस पाजायची. देशी वैद्यांचे उपचारही ओर्ता नोंदवतो: मिरी-जिरं घातलेली तांदळाची पेज, पेटके आले की हातपाय करकचून बांधणं, पायाला डाग देणं, शुद्ध आहे का पाहायला डोळ्यात पिंपळी घालणं. पेज आणि डाग एकाच दमात! जुन्या वैद्यकाच्या नावाने गहिवरणाऱ्यांनी ही यादी पुरती वाचावी, आणि नाक मुरडणाऱ्यांनी त्यातली पेज विसरू नये. तांदळाच्या पिठात मीठ घालून केलेलं पाणी आजही पटकीच्या रोग्याला देतात.

पण ही सगळी नावं आणि पाळंमुळं ओर्ताला दाखवली कोणी? मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य पुस्तकात बोलतो. आणि एक अँतोनिया आहे. ती घरची दासी, खरं तर गुलामच. मालकाने हाक मारली की ती वनस्पती घेऊन येते. पुस्तकात तिच्या वाट्याला मोठं भाषण नाही, आहेत त्या बहुतेक आज्ञा. पण झाड ओळखून आणायचं तर ते आणणाऱ्याला ठाऊक असावं लागतं, एवढं उघड आहे. माओमाओ कल्पित, अँतोनिया मात्र बहुधा कल्पित नसावी, असं मला वाटतं.

हे पुस्तक युरोपात पोचलं ते क्लुसियसच्या लॅटिन संक्षेपातून, १५६७ मध्ये. त्याने पाल्हाळ काढलं, म्हणजे संवादच काढले. झाडं राहिली, गुण राहिले, अँतोनिया गेली. पुढची कित्येक वर्षं विद्वानांनी तिच्यावाचूनच ओर्ता वाचला.

ओर्ता स्वतःही काही लपवूनच जगत होता. तो बाटवलेल्या ज्यू कुळातला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्यात इन्क्विझिशनने जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली.

शंभरेक वर्षांनी कोचीत डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडने ‘होर्तुस मलबारिकुस’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या १६७८ च्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांची साक्ष त्यांच्या नावानिशी, देवनागरी अक्षरांत छापली आहे. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचीही साक्ष आहे. झाडांवर चढून फांद्या तोडणाऱ्यांची नावं तिथेही नाहीत.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर बोरिवली स्टेशनबाहेर शेवळं घ्यायला गेले, नात बरोबर होती. जंगलातून भल्या पहाटे आलेल्या बाया फुटपाथवर बसल्या होत्या. शेवळं नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते. त्यावर उतारा म्हणून काकडं नावाची आंबट हिरवी फळं लागतात. मी मागायच्या आत त्या बाईने जुडीबरोबर मूठभर काकडं पिशवीत टाकली. “ही नाही घातली तर घसा धरंल,” ती नातीकडे पाहून म्हणाली. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, तेही तिने एक शेवळ सोलून दाखवलं. नातीने तिचा फोटो काढू का म्हणून विचारलं, तर बाई हसून तोंड फिरवून बसली. गाडीची वेळ झाली होती. तिचं नाव विचारायचं माझ्याकडूनही राहून गेलं.