वाचकप्रवेश, ग्रंथालयातील (नांदेड व लातूर)

ग्रंथालयातील ग्रंथ व माहिती कोणत्या वाचकास, कोणत्या अटींवर व किती प्रमाणात मिळावी, हे ठरविणारी व्यवस्था. सभासदत्व, अनामत, वर्गणी, ग्रंथांची देवघेव, कपाटांपर्यंत जाण्याची मुभा व संदर्भसेवा ही तिची प्रमुख अंगे होत. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत या व्यवस्थेचा इतिहास राजकीय इतिहासाशी निगडित आहे. वाचकापुढील अडसराचे स्वरूप येथे वेळोवेळी बदलले. तो पूर्णपणे नाहीसा मात्र झाला नाही.

संस्थानी काळ : हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर त्या वेळी उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात मोडत असे. त्याचा स्वतंत्र जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये झाला. संस्थानाचा कारभार उर्दूतून चाले आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. आसफिया ग्रंथालय (१८९१) व मराठी ग्रंथसंग्रहालय (१९२२) या संस्था हैदराबाद शहरात होत्या. त्यामुळे जिल्ह्यांतील मराठी वाचकाची भिस्त स्थानिक लोकांनी चालविलेल्या लहान वाचनालयांवरच राहिली. ‘गश्ती क्रमांक ५३’ या परिपत्रकानुसार सभा भरविण्यास पूर्वपरवानगी आवश्यक होती. वाचनालय हे लोकांनी एकत्र जमण्याचेही ठिकाण असल्याने शासन त्याकडे संशयाने पाही. परतूर (१९३७) व लातूर (१९३८) येथे महाराष्ट्र परिषदेची अधिवेशने झाली, ती याच वातावरणात. त्याच सुमारास मुंबई प्रांतात फैझी समितीने (१९३९–४०) ग्रंथालयांच्या विकासाची श्रेणीबद्ध योजना मांडली. तथापि मराठवाडा त्या प्रांताबाहेर असल्यामुळे तिच्या कक्षेत आला नाही.

कायदा व अनुदान : विलीनीकरणानंतर हैदराबाद राज्याने १९५५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम केला, परंतु पुढील वर्षीच राज्यपुनर्रचनेत त्या राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७’ हा १ मे १९६८ पासून अंमलात आला. मद्रास राज्याच्या १९४८ च्या अधिनियमात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसविण्याची तरतूद होती. महाराष्ट्राने तो मार्ग स्वीकारला नाही. ग्रंथालये स्वयंसेवी संस्थांनी चालवावीत व शासनाने त्यांना अनुदान द्यावे, अशी येथील रचना आहे. १९७० च्या नियमांनुसार त्यांचे अ, ब, क व ड असे वर्ग करण्यात आले.

या रचनेमुळे खेडोपाडी ग्रंथालये निघाली, हे तिचे मोठे यश होय. मात्र वृत्तपत्रे वाचावयास सर्वांना मुक्तद्वार असले, तरी ग्रंथ घरी नेण्यासाठी सामान्यतः अनामत व वर्गणी भरावी लागते. शेतमजुराच्या कुटुंबाला ही लहान रक्कमही जड जाते. ग्रंथालय कोणत्या वस्तीत, कोणाच्या जागेत व कोणत्या वेळी उघडे असते, यांवरही स्त्रियांचा व दलितांचा प्रत्यक्ष प्रवेश अवलंबून असतो. शिवाय अनुदान वर्गावर व वर्ग नोंदवहीतील संख्येवर ठरत असल्याने नोंद व वस्तुस्थिती यांत अंतर पडू शकते. २०१२ मध्ये महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला.

बंदिस्त व मुक्तद्वार पद्धती : बंदिस्त पद्धतीत वाचक तालिका पाहून मागणीपत्र देतो व सेवक ग्रंथ आणून देतो. मुक्तद्वार पद्धतीत वाचक स्वतः कपाटांपाशी जाऊन ग्रंथ निवडतो. शि. रा. रंगनाथन यांच्या पंचसूत्रीतील (१९३१) प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा या सूत्रास दुसरी पद्धती अधिक अनुकूल आहे. परंतु हरवलेल्या ग्रंथाची जबाबदारी तुटपुंज्या वेतनावरील ग्रंथपालावर येत असेल, तर कपाटांना कुलूप राहणे स्वाभाविक ठरते. अद्ययावत तालिका नसल्यास अशा ग्रंथालयात काय उपलब्ध आहे, हेच वाचकाला कळत नाही.

उच्च शिक्षण व अंकीय माध्यमे : मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे स्थापन झाले. नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी अस्तित्वात आल्यावर या दोन जिल्ह्यांतील संशोधकांना विद्यापीठीय ग्रंथालय जवळ मिळाले. ‘शोधगंगा’ या संगणकीय संग्रहातील प्रबंध आता कोणासही विनामूल्य वाचता येतात. २०२५ पासून अंमलात आलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या केंद्रीय योजनेने शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना नियतकालिके उपलब्ध करून दिली. गावातील सार्वजनिक ग्रंथालयाचा वाचक मात्र तिच्याबाहेर आहे. लातूर व नांदेड ही स्पर्धा-परीक्षांच्या तयारीची केंद्रे झाल्याने अभ्यासिकांची मागणीही वाढली. तेथे वाचकास ग्रंथापेक्षा बसावयास शांत जागा हवी असते.

संस्थानी काळातील परवानगीची जागा पुढे वर्गणीने, कुलपाने व संगणकीय परवान्याने घेतली. यांपैकी ग्रंथरक्षणासाठी आवश्यक कोणते व केवळ रूढीने टिकलेले कोणते, हे वेगळे करणे हाच ग्रंथालय-प्रशासनापुढील मुख्य प्रश्न आहे.