कोठीचा एक निवाडा

कोठीवरील जुनी रेसिडेन्सी पाहिली की आम्हां वकिलांस एक निवाडा आठवतो. क्लोरोफॉर्मने रोगी कसे दगावतात, हे ठरविण्यासाठी रेसिडेन्सी सर्जन डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ साली येथे कमिशने बसली. निर्णय झाला: आधी श्वास थांबतो, मग हृदय, सबब श्वासावर नजर ठेवावी. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखविले की, हलक्या गुंगीतही हृदय एकाएकी बंद पडू शकते. निवाडा फिरला, गेलेले रोगी परतले नाहीत.

हृदयाचे स्नायू नव्याने घडत नाहीत, हा समजही २००९ साली फिरला. तरुणपणी वर्षाकाठी सुमारे एक टक्का स्नायुपेशी नव्या होतात. तथापि झटक्याने मेलेल्या स्नायूच्या जागी व्रणच उरतो. म्हणून हृदय आधीच जपावे, हे बरे.