साखरेवरील दोन कर

शुभ वार्ता आणणाऱ्यास 'तुझ्या तोंडांत साखर पडो' असें आपण म्हणतों. साखर दुर्मिळ होती त्या काळचा हा आशीर्वाद आहे. आज मुलांच्या तोंडांत ती न मागतां पडत असते. बिस्किटांतून पडते, आणि विशेषतः बाटलींतल्या रंगीत पेयांतून पडते. मग मूल स्थूल होऊं लागलें कीं वडील माणसें त्याच्या जिभेला दोष देतात. परंतु त्या जिभेला हें वळण कोणीं लावलें, हा प्रश्न इतिहासाचा आहे. आणि ब्रिटनच्या इतिहासांत त्याचें उत्तर फार स्पष्टपणें वाचावयास मिळतें.

मध्ययुगीन इंग्लंडांत साखर ही श्रीमंतांच्या पंक्तींतली व वैद्याच्या बटव्यांतली वस्तु होती. पुढें वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमानें ती मुबलक झाली. 'गरिबाची न्याहारी करमुक्त असावी' ही मागणी वाढली आणि १८७४ सालीं साखरेवरील कर रद्द झाला. लोणी परवडत नव्हतें तेथें मजुराच्या मुलाच्या पावाला मुरंबा लागूं लागला. १९०१ सालीं हा कर पुन्हां बसला खरा. पण तो बोअर युद्धाच्या खर्चासाठीं! मुलांच्या प्रकृतीचा विचार त्यांत नव्हता.

तो विचार कोणाच्या मनांत नसतांनाही एक मोठा प्रयोग मात्र घडून गेला. महायुद्धामुळें जानेवारी १९४० पासून साखर मापून मिळूं लागली. पुढें बराच काळ मोठ्या माणसाच्या वांट्याला आठवड्याला अवघी ८ औंस येई. १९४२ सालीं गोळ्या-चॉकलेटांवरही नियंत्रण आलें. एप्रिल १९४९ मध्यें तें उठवितांच दुकानांत अशी झुंबड उडाली कीं चार महिन्यांत तें पुन्हां लादावें लागलें! अखेर १९५३ सालीं फेब्रुवारींत गोळ्या आणि सप्टेंबरांत साखर मुक्त झाली. रोजचें माणशीं सेवन सुमारें ४० ग्रॅमवरून थोड्याच अवधींत ८० ग्रॅमच्या घरांत गेलें.

या प्रयोगाचें फळ सत्तर वर्षांनीं हातीं आलें. १९५१ ते १९५६ या काळांत जन्मलेल्या सुमारें ६०,००० व्यक्तींची माहिती अभ्यासून संशोधकांनीं २०२४ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत निष्कर्ष मांडला. ज्यांची गर्भावस्था व शैशव नियंत्रणाच्या काळांत गेलें, त्यांना पुढील आयुष्यांत मधुमेहाचा धोका सुमारें ३५ टक्क्यांनीं व रक्तदाबाचा सुमारें २० टक्क्यांनीं कमी आढळला. त्यांच्या माता कांहीं विशेष संयमी नव्हत्या. साखरच मापानें मिळत होती, इतकेंच.

आतां तुलना पाहा. युद्धकाळांतील ८ औंस म्हणजे दिवसाला सुमारें ३२ ग्रॅम. आणि आजच्या ३३० मिलिलिटर कोलाच्या एका डब्यांत सुमारें ३५ ग्रॅम साखर असते. प्रौढाचा दिवसाचा शिधा बालक चार घोटांत संपवितें!

म्हणून एप्रिल २०१८ मध्यें ब्रिटननें गोड पेयांवर कर बसविला: १०० मिलिलिटरमागें ५ ग्रॅम साखर असल्यास लिटरला १८ पेन्स, ८ ग्रॅम वा अधिक असल्यास २४ पेन्स. कर चुकविण्यासाठीं अनेक कारखानदारांनीं आधींच साखर घटविली, आणि हेंच अपेक्षित होतें. केंब्रिजच्या संशोधकांना पुढें दहा-अकरा वर्षांच्या मुलींत स्थूलतेचें प्रमाण अपेक्षेपेक्षां सुमारें ८ टक्क्यांनीं कमी दिसलें. मुलांत मात्र तसा फरक दिसला नाहीं. एका करानें सर्व रोग जात नाहीं, हेंही इतिहासानें लगेच बजावलें.

१८७४ सालीं गरिबांच्या कळवळ्यानें एक कर उठला. २०१८ सालीं मुलांच्या कळवळ्यानें दुसरा बसला. दोन्ही वेळीं मुलांची जीभ तीच होती. बदलली ती किंमत आणि विपुलता. पुतण्या परीक्षेंत उत्तीर्ण झाला त्या दिवशीं त्याच्या हातीं गोड पेयाची बाटली आम्हींच दिली होती. तो लठ्ठ झाला म्हणून आज त्याला बोल लावण्यापूर्वीं तो दिवस आम्हांस आठवला पाहिजे.