विडी न ओढणाऱ्यांची धाप

पेण-रोह्याकडच्या गावांत एखाद्या म्हाताऱ्या बाईला चार पायऱ्या चढताना धाप लागली, की ‘तिला दमा आहे’ एवढंच म्हणतात. तिने विडी कधी ओढलेली नसते. आयुष्यभर फुंकली ती फुंकणी. पुष्कळदा तिचा आजार दमा नसतोच, सीओपीडी असतो. दम्याचा झटका येतो आणि ओसरतो. सीओपीडीत श्वासनळ्या अरुंद होत जातात आणि मुळासारख्या मोकळ्या होत नाहीत. वैद्यकशास्त्राने या बाईला कधी पाहिलं, याचा शोध मी काही वर्षं घेतो आहे. मी डॉक्टर नाही. पण जुनी वैद्यकीय नियतकालिकं आता घरबसल्या वाचता येतात आणि सनावळी लावायला पदवी लागत नाही.

तिला पाहिलं गेलं, आणि तेही लवकर. १९५९ साली ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकी नियतकालिकात डॉ. एस. पद्मावती आणि पाठक यांचा दिल्लीतल्या १२७ रुग्णांवरचा लेख आला. फुप्फुसाच्या जुनाट आजाराने हृदयाची उजवी बाजू थकते, त्या विकाराचे हे रुग्ण. त्यांत बायका जवळपास पुरुषांइतक्याच होत्या. धूम्रपान करणाऱ्या मात्र फार थोड्या. मग हा धूर कुठला? पद्मावतींनी बोट दाखवलं ते चुलीकडे.

त्याच १९५९ साली लंडनमध्ये सिबा परिसंवादाने ठरवलेल्या या आजाराच्या व्याख्या ‘थोरॅक्स’मध्ये छापून आल्या. १९५२ च्या विषारी धुक्यानंतर इंग्लंडला हा विषय जिव्हाळ्याचा झाला होता. पुढे फ्लेचर आणि पीटो यांनी लंडनच्या ७९२ नोकरदार, कामगारांच्या श्वासाची आठ वर्षं मापं घेतली. सिगारेट सोडली की फुप्फुसाची घसरण मंदावते, हे दाखवणारा त्यांचा १९७७ चा आलेख आजही पाठ्यपुस्तकांत असतो. काम अव्वल दर्जाचं, पण ७९२ च्या ७९२ पुरुष. जगाने आजाराचा चेहरा त्यांच्यावरून ठरवला आणि दिल्लीच्या बायका तळटीपेत गेल्या.

मुंबईच्या केईएममधले डॉ. एस. आर. कामत यांनी शहरातल्या दूषित हवेचा मोठा अभ्यास केला. १९८० साली ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये त्याच्या पहिल्या वर्षाचे निष्कर्ष आले: ४१२९ माणसं, कमी-मध्यम-जास्त प्रदूषणाच्या तीन शहरी वस्त्या आणि तुलनेसाठी एक ग्रामीण भाग. कमी प्रदूषणाच्या वस्तीत धापेचं प्रमाण ३.२ टक्के, ग्रामीण भागात ५.५! एका आकड्यावरून चुलीवर आरोप ठेवता येत नाही, हे मान्य. पण स्वच्छ हवेच्या गावात धाप जास्त का, हा प्रश्न तरी पडायला हवा. १९८३ साली कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच मापनयंत्रं लावली, तेव्हा कुठे हा धूर मोजला गेला.

आमच्याकडे धुराची चौकशी त्याआधी शंभर वर्षं झाली होती, ती वेगळ्याच कारणाने. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला जंगलातला पालापाचोळा किती तोडू द्यायचा, यावर ठाणे-कुलाबा जिल्ह्यांसाठी सरकारने फॉरेस्ट कमिशन बसवलं. १८८७ च्या त्याच्या अहवालाचा विषय झाडं आणि हक्क हा होता. राब भाजणाऱ्यांची छाती कमिशनच्या कामात बसत नव्हती.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, की सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. म्हणजे पद्मावतींनंतर पन्नास वर्षांनी.

आता नवी औषधं आली आहेत. डुपिलुमॅब हे दर दोन आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन. विशिष्ट प्रकारच्या सीओपीडीत आजार उसळण्याचं प्रमाण त्याने सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचं २०२३ च्या ‘बोरियस’ चाचणीत दिसलं. अमेरिकेत २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण चाचणीत घेण्याची अट वाचून मी थबकलो: रोज एक पाकीट या हिशेबाने किमान दहा वर्षांचं धूम्रपान. दम्याचे रुग्ण मिसळू नयेत म्हणून अशी अट घालतात, हे कारण पटण्यासारखं आहे. तरी चुलीवाली बाई पुन्हा बाहेरच. तिचा आजार विडीवाल्यासारखाच असतो असंही नाही. मेक्सिकोतल्या अशा स्त्रियांत फुप्फुसाच्या ऊतींपेक्षा बारीक श्वासनळ्यांची हानी जास्त दिसली. हे इंजेक्शन तिला किती लागू पडेल, हे त्या चाचणीतून कळणार नाही. श्वासनळ्या सैल करणारा साधा इन्हेलर तेवढा दोघांनाही उपयोगी.

पाकिटांच्या हिशेबाला तोड मेक्सिकोतच निघाली आहे. १९९६ च्या अभ्यासात पेरेझ-पाडिया यांनी चुलीपुढचे रोजचे तास आणि वर्षं यांचा गुणाकार केला. आमच्या आळीतल्या एका आजींना मी तोच हिशेब विचारला. पहाटे दोन तास, संध्याकाळी दोन, पंचेचाळीस वर्षं. एकशे ऐंशी झाले.

आजी म्हणाल्या, “आणि राबाचा धूर? तो धरलास का?”